कंदील करताना मुलाकडे पाहा

सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली की साताऱ्यात बोळाबोळांत माती कालवली जाते. कुणी अजिंक्यतारा उभा करतो, कुणी प्रतापगड. पोरांच्या किल्ल्यांचे कौतुक सगळे गाव करते. आकाशकंदिलाच्या नशिबी मात्र ते राहिलेले नाही. बाजारातून घडी घातलेला कंदील आणायचा, उघडायचा, आत दिवा सोडायचा, झाले काम. कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी भांडणे हे सगळे आता पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांच्या आठवणीत उरले आहे.

वाचकहो, आठवणी काढायला हे सदर नाही. तरीही यंदा एक तरी कंदील, निदान एक माळ, मुलांबरोबर बसून घरी करा असे मी डॉक्टर म्हणून सुचवणार आहे. पाच वर्षांचे मूल तासभर आपल्यासमोर बसून कापते, चिकटवते, ओवते, तेव्हा त्याचे डोळे, बोटे आणि दोन्ही हात कसे चालतात हे आपल्याला नीट दिसते. दवाखान्यात मला दहा मिनिटे मिळतात आणि त्यातली पाच ते रडण्यात घालवते. आईवडिलांना पुरा तास मिळतो.

साहित्यासाठी दुकानात जायची गरज नाही. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, लग्नपत्रिका, वापरलेल्या वह्यांची कोरी पाने आणि जाड दोरा एवढे पुरे. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या वाचकांच्या दारात कडब्याची गंजी असतेच. वाळक्या चिपाडाची साल सोलली की आत पांढरा, हलका भेंड निघतो. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ओवले की सुरेख माळ होते. आमच्या पिढीने या भेंडाच्या बैलगाड्या केल्या आहेत. साल मात्र मोठ्यांनीच सोलावी. ती पात्यासारखी कापते.

रंगासाठी सांगलीकरांनी बाहेर पाहूच नये. वाटीभर पाण्यात चमचाभर हळद कालवा, त्यात कागद बुडवून वाळवा. मग मुलाच्या हातात कापसाचा बोळा लावलेली काडी द्या आणि ती धुण्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून त्या पिवळ्या कागदावर नक्षी काढायला सांगा. जिथे साबण लागेल तिथे कागद लाल होत जातो. हळदीचा डाग पडलेला सदरा साबण लावताच लाल होतो, हे घरातल्या बाईला ठाऊक असते. तीच ही गंमत. मुले तासभर हलत नाहीत. काम झाल्यावर हात धुवावेत आणि ते डोळ्यांना लावू देऊ नयेत, एवढेच पथ्य.

चिकटवायला मैद्याची किंवा कणकेची खळ उत्तम. ती घरीच शिजवा. पुस्तके बांधणारे कारागीर खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकतात. तो विषारी आहे आणि लहान मुलांची बोटे तोंडात जातातच. घरची खळ दोन दिवसांत संपवावी, आंबली तर टाकून द्यावी.

आता मुलाकडे पाहू.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर कोरेगाव भागातली एक आई आपल्या साडेपाच वर्षांच्या मुलाला खोकल्यासाठी घेऊन आली. औषध लिहून झाले. उठता उठता म्हणाली, “डॉक्टरसाहेब, एक इचारू का? कंदिलाला झिरमिळ्या लावताना ह्यो मान वाकडी करतोय. आन् माळंचा मणी डोळ्याम्होरं धरून दोरा भलतीकडंच घालतोय. आजी म्हणती नखरं हायत.”

मी म्हटले, “ताई, आजींचं ऐकू, पण आधी एकदा बघू.” मुलाचा उजवा डोळा तळहाताने झाकला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरातली चित्रे खुशाल सांगू लागला. मग डावा झाकला. त्याने ताबडतोब माझा हात ढकलला आणि म्हणाला, “दिसंना.” पुन्हा झाकला, पुन्हा ढकलला. उजव्या डोळ्याने त्याला फारच कमी दिसत होते आणि साडेपाच वर्षे घरात हे कोणाला कळले नव्हते. त्यात कोणाचा दोषही नाही. डोळा दिसायला निरोगी होता आणि दुसरा डोळा चांगला असल्याने पोर धावत होते, खेळत होते, टीव्ही पाहत होते. अडले ते फक्त मणी ओवताना. वस्तू किती जवळ आहे याचा नेमका अंदाज यायला दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहावे लागते, आणि सुईदोऱ्याच्या कामात तोच अंदाज लागतो.

याला मंददृष्टी म्हणतात. बोलीत आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल किंवा एक डोळा तिरळा असेल, तर त्या डोळ्याकडून येणारे चित्र अस्पष्ट असते किंवा दुसऱ्याशी जुळत नाही. वाढत्या वयातला मेंदू मग त्या चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पुढे चष्मा दिला तरी मेंदू त्या डोळ्याचे ऐकत नाही. उपचाराचा सर्वांत चांगला परिणाम साधारण सात वर्षांच्या आत होतो. त्यानंतरही प्रयत्न करतात, काहींना फायदाही होतो, पण वय वाढेल तसा तो कमी होत जातो. थोडासा तिरळा डोळा भाग्याचा, असे काही घरांत आजही म्हणतात. ते भाग्य मुलाला एका डोळ्याने अधू करून जाते. चार महिन्यांनंतरही बाळाचा डोळा तिरळा वाटत असेल तर “मोठेपणी सरळ होईल” म्हणत थांबू नये.

त्या मुलाला मी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. चष्मा लागला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. चांगला डोळा झाकला की आळशी डोळ्याला काम करणे भाग पडते. पट्टी असताना बारीक काम करून घ्या, असे तिथे सांगितले होते. त्या माऊलीने काय करावे? रोज संध्याकाळी पट्टी लावून मुलाला मणीच ओवायला बसवले. आधी बोराएवढे, मग वाटाण्याएवढे. दहा महिन्यांनी तक्त्यावरच्या कितीतरी खालच्या ओळी तो वाचू लागला. दोन डोळ्यांत थोडा फरक राहिला आहे. पण दारावर माळा इतक्या झाल्या, की आजीने काही शेजारी वाटल्या.

घरी डोळे तपासायची रीत मी केली तीच. खेळाखेळात एक डोळा झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा मूल सारख्याच निवांतपणे पाहत असेल तर बहुधा ठीक. एकाच बाजूला झाकल्यावर ते चिडत असेल, मान फिरवत असेल, तर तपासणी हवी. या परीक्षेत पास झाले तरी शाळेत जाण्यापूर्वी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. दोन्ही डोळे सारखेच कमजोर असतील तर घरी कळत नाही. जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुले तपासायला येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि घरी जे दिसले ते बाईंना कागदावर लिहून द्या.

कागदाला नाक लावून कापणाऱ्या मुलाला लांबचे दिसत नसण्याचा संभव असतो. “फळ्यावरचं दिसतं का?” असे विचारून उपयोग नाही, त्याला फळा नेहमीच तसा दिसतो, तेव्हा ते हो म्हणते. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगा. आणि हे कंदिलाचे काम खोलीत दिव्याखाली करण्यापेक्षा ओसरीवर, दिवसाउजेडी करा. मुले रोज दोन तास मोकळ्या उजेडात राहिली तर लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी होते, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. त्या हिशेबाने किल्लाही औषधच आहे.

रंगीत कागदांची वाटणी मुलाला करू द्या. लाल-हिरवा-तपकिरी यांत वारंवार घोटाळा करणारा मुलगा दुर्लक्ष करतो असे समजून त्याला रागावू नका. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक असतो आणि तो आईच्या बाजूने येतो. अशा वेळी मामांना विचारून पाहावे. त्यावर उपचार नाही, फारसा त्रासही नाही. पण रेल्वेचे इंजिन चालवायचे स्वप्न बारावीनंतर मोडण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

दिवाळीच्या फोटोंबद्दल एक गोष्ट, आणि ही विसरू नये. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत बुबुळाच्या मधोमध लाल ठिपका दिसतो, ते नेहमीचेच. पण लहान मुलाच्या एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरा ठिपका वारंवार दिसत असेल तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. अनेकदा त्यामागे साधे कारण असते. क्वचित मोतीबिंदू असतो, आणि क्वचित डोळ्याच्या पडद्याची गाठ. ती कर्करोगाची असते आणि लवकर सापडली तर मूल वाचते, पुष्कळदा डोळाही वाचतो.

हातांचे निरीक्षण सोपे आहे. तीन वर्षांचे मूल मोठे मणी ओवते आणि कात्रीने कागदाच्या कडेला नुसते चावे घेते. चौथ्या वर्षी सरळ रेघेवर कापते, पाच-सहाव्या वर्षी गोल कापू लागते. महिना-दोन महिने मागेपुढे झाले तर काळजी नको. ज्याच्या हातात कधी कात्रीच दिली नाही, त्याला ती येणार कशी? डावखुऱ्या मुलाच्या हातातून कात्री काढून उजव्या हातात देऊ नका. तो दोष नाही. साधी कात्री उजव्यांसाठी बनवलेली असते, म्हणून त्याचे वेडेवाकडे कापले जाते. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. मात्र वर्षाच्या आतलेच बाळ सगळे एकाच हाताने घेत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली असेल, तर तो डावखुरेपणा समजू नये. त्या दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

बाळावरून चिमणाळे आठवले. पाळण्यावर टांगायची ती कापडी चिमण्या-पोपटांची माळ. मोठ्या भावंडांनी आजीच्या मदतीने करावे असे याहून चांगले काम नाही. नवजात बाळाला साधारण वीतभरापासून फूटभरापर्यंतचेच बरे दिसते आणि फिक्या रंगांपेक्षा काळे-पांढरे, लाल असे ठळक रंग त्याची नजर धरतात. म्हणून चिमणाळे छताला नको, बाळाच्या छातीवर सुमारे एक फूट उंचीवर हवे. दोन-तीन महिन्यांचे बाळ हलणाऱ्या चिमणीमागे नजर फिरवते. तीन महिने पूर्ण झाले तरी ते कशाच्याच मागे पाहत नसेल तर दाखवून घ्या. इंग्रजीत या चिमणाळ्याला ‘मोबाइल’ म्हणतात. आईने जेवण भरवताना बाळासमोर धरलेला दुसरा मोबाइल आपल्या ओळखीचाच आहे. नजरेला वळण लावायला कापडी चिमणी त्याच्यापेक्षा सरस.

ही चिमणी घट्ट शिवा. डोळ्यांना मणी किंवा टिकली न लावता दोऱ्याने भरा. बाळ पाचव्या महिन्यात आले किंवा हातावर जोर देऊन उठू लागले, यातले जे आधी होईल तेव्हा चिमणाळे उतरवा. ते हाताने ओढले जाते आणि दोरा गळ्याभोवती येऊ शकतो. रांगत्या-चालत्या मुलाच्या हाताला लागेल अशी कोणतीही लांब माळ दारात लोंबू देऊ नये. पतंगाचा मांजा माळेसाठी वापरू नका.

काही वस्तूंना मुलांच्या पसाऱ्यात जागाच नाही. पहिली गुंज. लाल, काळ्या डोळ्याची ही बी देखणी म्हणून माळेत घालतात. अख्खी गिळली तर कठीण सालीमुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. पण माळेत ओवायला तिला भोक पाडावे लागते, आणि मग आतले जहाल विष मोकळे होते. मोगली एरंडाच्या, म्हणजे चंद्रज्योतीच्या, बियाही नकोत. कुंपणावरच्या या बिया खाऊन उलट्या-जुलाबांनी बेजार झालेली मुले मी पाहिली आहेत.

हरभरा, वाटाणा, मणी, थर्माकोलचे गोळे तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नकोत. नाकात जातात, घशात अडकतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी आहे असे समजा. तेल-पाणी घालू नका, पिनेने कोरू नका. घशात अडकून मूल मोठ्याने खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला असेल तर क्षण दवडू नका: पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा. वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खाली करून. मोकळे होईपर्यंत करत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालू नका. ती आणखी खाली जाते.

झटपट चिकटणारा डिंक मोठ्यांनीच वापरावा. पापण्या चिकटल्या तर ओढून उघडू नका. कोमट पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे न्या. काही दिवसांत त्या आपोआप सुटतात.

डोळ्याच्या दोन अपघातांत लोक नेमके उलटे करतात. चुना, साबण, रंग डोळ्यात गेला तर दवाखान्याकडे धावण्याआधी नळाखाली डोळा उघडून अर्धा तास धुवायचा. घरात तंबाखू खाणारे कोणी असेल तर त्यांची चुन्याची पुडी मुलांना मुळीच सापडू नये. ती दाबली की चुना थेट डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजते. याउलट कात्री किंवा सुई टोचली तर धुवायचे नाही, चोळायचे नाही, पट्टी आवळायची नाही. डोळ्यावर कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टी लावायची आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे जायचे.

राहिला बटण सेल. हल्लीच्या छोट्या पणत्या, कंदिलातले लुकलुकणारे दिवे, गाणारी शुभेच्छापत्रे यांत हा चपटा, चकचकीत सेल असतो. गिळलेले नाणे बहुतेक वेळा शौचातून निघून जाते. म्हणून सेलही निघेल, असे घरचे समजतात. तसे नाही. अन्ननलिकेत अडकलेला सेल ओल्या जागी विजेचा प्रवाह सोडतो, तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका भाजू लागते. मूल सुरुवातीला नुसती लाळ गाळते, खायला नको म्हणते, कधी काहीच करत नाही. सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी उलटी करवू नका, केळे खाऊ घालू नका. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच क्षणी निघा. मूल वर्षावरचे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने इजा थोडी मंदावते. मध शोधण्यात वेळ घालवू नका. नाका-कानात सेल गेला तरी घाई तेवढीच.

असा दिवा आणलाच तर सेलची झाकणी स्क्रूने बंद होणारी पाहून घ्या. संपलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतका जोर असतो. तो चिकटपट्टीत गुंडाळून टाका. आणि रुग्णालयात जाताना तसाच दुसरा सेल किंवा त्याचे पाकीट बरोबर न्या. त्यावर २०३२ असे काही लिहिलेले असते. पहिले दोन आकडे म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी: २० मिलिमीटर. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकणारा तो हाच.